मांजरपाटाच्या विणीपासून सुरुवात : उच्च तापमानाच्या अतिसंवाहकांतील इलेक्ट्रॉन-जोड्या वर्गात कशा समजावाव्यात

उच्च तापमानाच्या अतिसंवाहकांमध्ये, म्हणजे तुलनेने जास्त तापमानालाही वीज रोधाशिवाय वाहून नेणाऱ्या तांब्याच्या ऑक्साइडांसारख्या पदार्थांमध्ये, इलेक्ट्रॉनांच्या जोड्या कशा जमतात हा पाठ बहुतेक वर्गांत एकाच ठरावीक पद्धतीने शिकवला जातो. शिक्षक फळ्यावर धन आयनांचे जालक काढतात, त्यातून एक इलेक्ट्रॉन धावत जातो, आयन त्याच्याकडे किंचित ओढले जातात, मागून येणारा दुसरा इलेक्ट्रॉन त्या ओढीत सापडतो, आणि शेवटी ‘तांब्याच्या ऑक्साइडांतही साधारण असेच घडते’ असे एक वाक्य जोडून तास संपतो. या शेवटच्या वाक्यातच पाठाचे सगळे नुकसान होते. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षे असेच शिकवत असे. पुढे सोलापूरच्या पूर्व भागातून येणाऱ्या, घरी यंत्रमाग असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, तुम्हीच मागच्या तासाला सांगितले की हे ऑक्साइड मुळात वीज वाहूनच नेत नाही. मग त्यातून धावणारा इलेक्ट्रॉन आला कुठून?’’ त्या प्रश्नाला माझ्याकडे नीट उत्तर नव्हते. ते शोधताना पाठाचा क्रमच बदलावा लागला, आणि तो बदललेला क्रम येथे मांडत आहे. सोलापूर शहरातील, तसेच बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट या भागांतील महाविद्यालयांत बी.एस्सी.च्या शेवटच्या किंवा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला हा विषय शिकवणारे शिक्षक आणि त्यावर परिसंवाद सादर करणारे विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे.

पाठाला दोन तास लागतात, आणि ते शक्यतो लागोपाठच्या दोन दिवशी घ्यावेत. साहित्य फारसे लागत नाही : मांजरपाटाचा वीतभर तुकडा, धागे मोजायचे भिंग, चौकटींचा कागद आणि दोन रंगांचे खडू. प्रात्यक्षिक दाखवायचे असेल तर इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची काळी चकती, एक लहान निओडिमियम चुंबक, थर्मोकोलचा पेला आणि लिटरभर द्रव नायट्रोजन एवढे मिळवावे. द्रव नायट्रोजन आपल्या जिल्ह्यात अप्राप्य आहे असा एक समज आढळतो, परंतु जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या गोठित रेतमात्रा याच द्रवात, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला किंवा ७७ केल्व्हिनला, साठवल्या जातात, त्यामुळे या द्रवाची ने-आण ग्रामीण भागातही नित्याची आहे.

पहिल्या दिवशी वर्गात गेल्याबरोबर फळ्याच्या एका कोपऱ्यात तीन प्रश्न लिहावेत आणि दोन्ही तास ते पुसू नयेत. जोड्या खरोखर जमतात का? जमत असतील तर जोडीचा आकार कसा असतो? आणि जोडी कोणत्या कारणाने जमते? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सारख्याच खात्रीची नाहीत. पहिल्या दोहोंची उत्तरे प्रयोगांनी पक्की केली आहेत, तर तिसऱ्याचे उत्तर पुष्कळसे हाती आले असले तरी त्यावर भौतिकशास्त्रज्ञांचे पूर्ण एकमत झालेले नाही. हा फरक विद्यार्थ्यांना पहिल्या पाच मिनिटांतच कळला पाहिजे, कारण तो न कळल्यास तिसऱ्या प्रश्नाची अनिश्चितता ते पहिल्या दोन प्रश्नांवरही पसरवतात आणि ‘या विषयात अजून काहीच ठरलेले नाही’ असा चुकीचा निष्कर्ष घेऊन घरी जातात.

जोडी आहे, हे आधी सिद्ध करावे

कारणाकडे वळण्यापूर्वी जोडीचे अस्तित्व दाखवावे. यासाठी अतिसंवाहक कड्याचा प्रयोग सर्वांत स्वच्छ आहे. अतिसंवाहक पदार्थाच्या बंद कड्यातून जाणारा चुंबकीय फ्लक्स कोणतेही मूल्य घेऊ शकत नाही, तो ठरावीक पायऱ्यांनीच वाढतो, कारण कड्याभोवती एक पूर्ण फेरी मारून आल्यावर तरंगफलनाची कला (तरंगाची आवर्तनातील स्थिती) स्वतःशी जुळलीच पाहिजे. ही पायरी म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले प्रवाह वाहणाऱ्या कणाचा विद्युतभार. १९६१ साली अमेरिकेत डीव्हर आणि फेअरबँक यांनी व जर्मनीत डोल आणि नेबाउअर यांनी ही पायरी मोजली, तेव्हा भाजकात एका इलेक्ट्रॉनाचा नव्हे, दोन इलेक्ट्रॉनांचा भार निघाला. पायरीचे मूल्य सुमारे २.०७ × १०⁻¹⁵ वेबर आहे.

आता काळाच्या क्रमाने पुढे यावे. १९८६ साली झ्युरिकजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत बेडनोर्झ आणि म्युलर यांना लँथेनम, बेरियम आणि तांबे यांच्या ऑक्साइडमध्ये ३० केल्व्हिनच्या वर अतिसंवाहकतेची चिन्हे दिसली. पुढच्याच वर्षी पॉल चू आणि मॉ-क्वेन वू यांच्या गटांनी इट्रियमयुक्त ऑक्साइडमध्ये ९३ केल्व्हिन हे संक्रमण तापमान (ज्याच्या खाली पदार्थ अतिसंवाहक होतो ते) गाठले, आणि अतिसंवाहकता द्रव नायट्रोजनच्या आवाक्यात आली. त्याच १९८७ साली बर्मिंगहॅम येथील गटाने या नव्या पदार्थाच्या कड्यातील फ्लक्सची पायरी मोजली. ती पूर्वीइतकीच, म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांच्या भाराची निघाली. म्हणजे पदार्थ नवा असला, तापमान कितीतरी पट चढलेले असले, तरी जोडी दोघांचीच आहे. अणुकेंद्रीय चुंबकीय संस्पंदनाच्या मोजमापांनी पुढे हेही दाखवले की जोडीतील दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन (इलेक्ट्रॉनाला सूक्ष्म चुंबकासारखे वागवणारा अंगभूत गुण) परस्परविरुद्ध असतात आणि त्यांची बेरीज शून्य होते. येथे फळ्यावरील पहिल्या प्रश्नासमोर ‘होय’ असे ठळक लिहावे.

जोडी म्हणजे दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना चिकटून चाललेले असे चित्र विद्यार्थ्यांच्या मनात असते, आणि ते घालवण्यासाठी अंतरांचे आकडे द्यावेत. ॲल्युमिनियममध्ये जोडीचा विस्तार सुमारे १६०० नॅनोमीटर असतो, त्यामुळे एकाच जोडीने व्यापलेल्या जागेत इतर लक्षावधी जोड्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. इट्रियमच्या ऑक्साइडमध्ये, तांबे-ऑक्सिजनच्या प्रतलात, हाच विस्तार दीड नॅनोमीटरच्या आसपास असतो. त्या प्रतलात शेजारच्या दोन तांब्याच्या अणूंमधील अंतर ०.३८ नॅनोमीटर असल्यामुळे जोडी जेमतेम चार घरांत मावते. ही आकडेवारी वहीत लिहून घ्यायला सांगावी, कारण एवढ्या लहान जागेत दोन ऋण भार एकमेकांना कसे सहन करतात, हाच पुढच्या सगळ्या विवेचनाचा प्रश्न आहे.

चाकोरीचे चित्र, आणि ते कुठे थांबवावे

जुन्या धातूंतील जोडी समजावताना मी आपल्याकडच्या काळ्या मातीचा दाखला देतो. पाऊस पडून गेल्यावर रानातल्या वाटेने एक बैलगाडी जाते आणि तिच्या मागे चिखलात चाकोरी उरते. गाडी दूर निघून जाते, पण चाकोरी लगेच बुजत नाही, आणि मागून येणाऱ्या गाडीचे चाक आपोआप त्या चाकोरीत उतरते. दोन गाड्यांची गाठ पडलेली नसते, तरीही पहिलीने दुसरीची वाट ठरवलेली असते. धातूमध्ये इलेक्ट्रॉन सुमारे १० लक्ष मीटर प्रतिसेकंद वेगाने धावतो, तर जड आयनांना हलायला १०⁻¹³ सेकंदाच्या घरातला वेळ लागतो, म्हणून आयन जागेवरून सरकेपर्यंत पहिला इलेक्ट्रॉन १०० नॅनोमीटरच्या आसपास पुढे गेलेला असतो. त्याने मागे ठेवलेल्या धन भाराच्या दाटीकडे दुसरा इलेक्ट्रॉन ओढला जातो. दोघांमधील प्रतिसारण टळते ते वेळेच्या अंतरामुळे, आणि हा मुद्दा फळ्यावर अधोरेखित करावा, कारण नंतर त्याची तुलना करायची आहे. दाखल्याची मर्यादाही लगेच सांगून टाकावी : गाड्या एकाच दिशेने जातात, तर जोडीतील इलेक्ट्रॉनांचे संवेग परस्परविरुद्ध असतात.

१९५० साली पाऱ्याच्या वेगवेगळ्या समस्थानिकांचे संक्रमण तापमान वेगळे असल्याचे आढळले. आयन जितका जड, तितके तापमान कमी. आयनांच्या हालचालीचा जोडीशी संबंध असल्याचा तो थेट पुरावा होता. १९५६ साली कूपर यांनी अत्यंत क्षीण आकर्षणही जोडी बांधण्यास पुरते हे गणिताने दाखवले, आणि १९५७ साली बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी संपूर्ण सिद्धांत मांडला. अभ्यासक्रमात तो असतोच, म्हणून यावर अधिक वेळ देऊ नये.

चाकोरी येथे बंद करावी. ती का बंद करायची याचे कारण मात्र नेमके द्यावे, कारण येथे एक चुकीचा युक्तिवाद फार प्रचलित आहे. ‘तापमान खूप जास्त आहे, म्हणून जालकाच्या कंपनांचे कारण लागू नाही’ हे विधान टिकत नाही. २०१५ साली हायड्रोजन आणि गंधक यांच्या संयुगात, सुमारे १५० गिगापास्कल दाबाखाली, २०३ केल्व्हिनपर्यंत अतिसंवाहकता दिसली, आणि तेथील जोड्या जालकाच्या कंपनांनीच जमतात असे मानण्यास सबळ आधार आहे. तेव्हा केवळ तापमानाचा आकडा काहीही ठरवत नाही. तांब्याच्या ऑक्साइडांत चाकोरी बाजूला ठेवण्याची खरी कारणे अशी आहेत की, सर्वाधिक संक्रमण तापमान देणाऱ्या मिश्रणात ऑक्सिजनचा समस्थानिक बदलूनही ते तापमान जवळपास हलत नाही, जोडीचा आकार साध्या चाकोरीतून निघेल तसा नसतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे पदार्थ मुळात धातू नसून विसंवाहक आहेत. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न इथे येऊन भिडतो.

मांजरपाट समोर ठेवून

आता मांजरपाटाचा तुकडा आणि भिंग वर्गात फिरवावे. सोलापूरची चादर मुद्दाम घेऊ नये, कारण जकार्डवर विणलेल्या नक्षीत धाग्यांचा क्रम गुंतागुंतीचा असतो. मांजरपाटाची वीण साधी असते : प्रत्येक उभा धागा आडव्या धाग्यांच्या आळीपाळीने वरून आणि खालून जातो, आणि शेजारचा उभा धागा बरोबर त्याच्या उलट चालतो. भिंगातून पाहिले तर एका गाठीवर उभा धागा वर दिसतो, तिच्या चारही शेजारच्या गाठींवर तो खाली असतो. विद्यार्थ्यांना चौकटींच्या कागदावर ‘वर’ असलेल्या गाठीसाठी एका रंगाचा वर जाणारा बाण आणि ‘खाली’साठी दुसऱ्या रंगाचा खाली जाणारा बाण काढायला सांगावे. सहा बाय सहाचा हा पट पूर्ण झाला की लँथेनम कॉपर ऑक्साइडच्या प्रतलातील तांब्याच्या अणूंच्या स्पिनांचे चित्रच तयार होते. याला प्रतिलोहचुंबकी मांडणी म्हणतात. माझ्या अनुभवात मागाच्या घरातील मुले हे चित्र इतरांच्या आधी पुरे करतात, आणि मग शेजाऱ्याला दाखवतात.

स्पिन असे आळीपाळीने का बसतात, हे मात्र कापड सांगत नाही. ते फळ्यावरच समजवावे लागते, आणि सगळ्या पाठात या एका भागाला सर्वाधिक वेळ द्यावा. प्रत्येक तांब्याच्या अणूवर एक एकाकी इलेक्ट्रॉन आहे. नेहमीच्या पट्ट-सिद्धांताप्रमाणे असा पदार्थ धातू असायला हवा, पण एकाच अणूवर दुसरा इलेक्ट्रॉन येऊन बसण्यासाठी लागणारी प्रतिसारणाची किंमत इतकी मोठी आहे की प्रत्येकजण आपापल्या घरात अडकून पडतो. वीज वाहत नाही ती या कारणाने. तरीही पुंजयामिकीत इलेक्ट्रॉनाला, मधल्या ऑक्सिजनच्या वाटेने, शेजारच्या अणूवर निमिषभर डोकावून परत येण्याची मुभा असते, आणि अशा येण्याजाण्याने ऊर्जा थोडी कमी होते. शेजारच्याचा स्पिन सारखाच असेल तर, एकाच अवस्थेत सारख्या स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत या पाउलीच्या नियमामुळे, हे डोकावणेच शक्य होत नाही. विरुद्ध असेल तर होते. म्हणून शेजाऱ्यांनी विरुद्ध स्पिन ठेवण्यात ऊर्जेचा लाभ आहे. या लाभाला अधिविनिमय म्हणतात. तो इलेक्ट्रॉनाच्या उडीच्या ऊर्जेच्या वर्गाशी सम प्रमाणात आणि प्रतिसारणाच्या किमतीशी व्यस्त प्रमाणात असतो.

आकड्यांत सांगायचे तर हा लाभ सुमारे ०.१३ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, म्हणजे तापमानाच्या भाषेत १५०० केल्व्हिनच्या आसपास. शिशाच्या जालकाच्या कंपनांचे डीबाय तापमान (कंपनांच्या कमाल ऊर्जेचे तापमानाच्या भाषेतील माप) १०० केल्व्हिनच्या आसपास असते, हे आठवून दिले की दोन कारणांच्या बळातील तफावत विद्यार्थ्यांच्या लगेच ध्यानात येते. लँथेनम कॉपर ऑक्साइडच्या शुद्ध स्फटिकात ही वर-खाली मांडणी सुमारे ३२५ केल्व्हिनपर्यंत, म्हणजे ५२ अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो तेव्हा तापमान ३१७ केल्व्हिन होते. भर उन्हात रस्त्यावर माणूस दिसत नाही अशा दुपारीही या स्फटिकातील बाण आपली जागा सोडत नाहीत. हे वाक्य मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी वर्ग थोडा सरसावून बसतो.

यानंतर डोपिंग. लँथेनमच्या काही अणूंच्या जागी स्ट्राँशियम घातले की प्रतलातून इलेक्ट्रॉन निघून जातात आणि होल, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, तयार होतात. दर १०० तांब्याच्या अणूंमागे सुमारे दोन होल झाले की दूरवरची चुंबकी मांडणी मोडते, पाचाच्या आसपास अतिसंवाहकता सुरू होते, सोळाच्या आसपास संक्रमण तापमान सर्वाधिक असते, आणि सत्तावीसच्या आसपास अतिसंवाहकता संपते. ‘धावणारा इलेक्ट्रॉन आला कुठून’ या प्रश्नाचे उत्तर हेच : जागा रिकामी झाली, म्हणून इतरांना सरकता आले.

आता मोजणीचा अभ्यास द्यावा. चौकटींच्या कागदावरील पटातून एक बाण पुसावा. त्याचे चार शेजाऱ्यांशी असलेले चार लाभदायक बंध तुटतात. दुसरा बाण दूर कुठेतरी पुसला तर आणखी चार, एकूण आठ. पण दुसरा बाण पहिल्याच्या लगतचाच पुसला तर दोघांमधला बंध सामाईक असल्यामुळे सातच बंध तुटतात. म्हणजे दोन होल शेजारी राहिले तर एका बंधाची बचत होते. याशिवाय एकटा होल पटावरून सरकत गेला तर त्याच्या मागे उलट्यासुलट्या बाणांची एक रेघ पडते, आणि दुसरा होल त्याच वाटेने गेला तर ती रेघ पुन्हा सरळ होते. विद्यार्थ्यांनी हे बाण खोडून, सरकवून स्वतः करून पाहिले पाहिजे. केवळ ऐकून ते पटत नाही. त्याच वेळी शिक्षकाने स्पष्ट सांगावे की ही मोजणी जोडीच्या दिशेने बोट दाखवते, जोडी सिद्ध करत नाही, कारण खऱ्या पदार्थातील बाण स्थिर नसतात, होल सतत धावत असतात, आणि त्यांच्या धावण्याची ऊर्जा बंधाच्या लाभापेक्षाही मोठी असते.

येथे अँडरसन यांची १९८७ सालची कल्पना सांगण्यासारखी आहे. त्यांचे म्हणणे असे, की विरुद्ध स्पिनांच्या जोड्या विसंवाहक अवस्थेतच अप्रकटपणे तयार असतात, फक्त त्यांना हलायला जागा नसते, आणि डोपिंगने जागा मिळाली की त्याच जोड्या प्रवाह वाहू लागतात. या कल्पनेच्या पहिल्या गणिती मांडणीत भारतीय भौतिकशास्त्रज्ञ गणपती बास्करन यांचा वाटा होता, आणि आपल्या विद्यार्थ्यांना ते नाव माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

चार पाकळ्या

दुसऱ्या दिवसाची सुरुवात आकाराने करावी. आदल्या दिवशीचा प्रश्न पुन्हा विचारावा : दीड नॅनोमीटरच्या जागेत दोन ऋण भार एकमेकांना कसे टाळतात? जुन्या धातूंत ते वेळेच्या अंतराने टाळतात. येथे ते जागेच्या मांडणीने टाळतात. जोडीचे तरंगफलन असे असते की दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच अणूवर असण्याची शक्यता शून्य होते, आणि ते लगतच्या घरांत असण्याची शक्यता अधिक राहते. फळ्यावर चार पाकळ्यांची रांगोळी काढावी, समोरासमोरच्या दोन पाकळ्या एका खडूने आणि उरलेल्या दोन दुसऱ्या खडूने. एका रंगाचे चिन्ह धन, दुसऱ्याचे ऋण. दोन रंगांच्या मधल्या तिरक्या रेषांवर मूल्य शून्य. याला डी-तरंग जोडी म्हणतात, आणि जुन्या धातूंतील गोल, एकाच चिन्हाच्या जोडीला एस-तरंग.

चिन्हाचा हा बदल केवळ सोयीसाठी काढलेला नाही, हे गणिताने दाखवता येते आणि एम.एस्सी.च्या वर्गाला ते अवश्य दाखवावे. बार्डीन-कूपर-श्रीफर सिद्धांतातील ऊर्जा-अंतराच्या (जोडी मोडायला लागणाऱ्या ऊर्जेच्या मापाच्या) समीकरणात उजव्या बाजूला ऋण चिन्ह असते. आंतरक्रिया आकर्षणाची असेल तर ते चिन्ह खोडले जाते आणि सर्व दिशांना सारख्याच चिन्हाचे उत्तर मिळते. आंतरक्रिया प्रतिसारणाची असेल तर साधे उत्तर मिळत नाही. पण ते प्रतिसारण काही ठरावीक संवेगफरकालाच तीव्र असेल, आणि त्या फरकाने जोडलेल्या दोन दिशांत ऊर्जा-अंतराचे चिन्ह परस्परविरुद्ध असेल, तर समीकरण पुन्हा जुळते. वर-खाली मांडणीतून उरलेली स्पिनांची चलबिचल नेमक्या अशाच एका संवेगफरकाला तीव्र असते, जो पटाच्या कर्णाच्या दिशेचा असतो. त्यामुळे विद्यार्थ्यांनी आदल्या दिवशी कागदावर काढलेल्या पटातूनच चार पाकळ्या निघतात. प्रतिसारणातून जोडी जमू शकते, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विसंगत वाटते. तिथे घाई करू नये. समीकरण दोनदा लिहावे, चिन्हे विद्यार्थ्यांकडूनच भरून घ्यावीत.

प्रयोगांपैकी तीन पुरेसे आहेत. १९९३ साली प्रकाशविद्युत परिणामाच्या मोजमापांत ऊर्जा-अंतर दिशेनुसार बदलते आणि तिरक्या दिशेला जवळपास नाहीसे होते, असे दिसले. त्याच वर्षी इट्रियमच्या ऑक्साइडमध्ये चुंबकीय क्षेत्र किती खोल शिरते याचे मोजमाप झाले, आणि ती खोली कमी तापमानाला तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढते असे आढळले, जे ऊर्जा-अंतर कुठेतरी शून्य असल्याशिवाय होत नाही. पण या दोन्ही प्रयोगांतून पाकळ्यांचे चिन्ह कळत नाही. ते कळते ते त्सुएई आणि कर्टली यांच्या १९९४ सालच्या प्रयोगातून, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत देखणा प्रयोग तोच. त्यांनी तीन वेगवेगळ्या दिशांना वळवलेल्या स्फटिकांच्या सांध्यावर अतिसंवाहकाचे लहानसे कडे तयार केले. स्फटिकांची वळणे अशी निवडली होती की कड्याभोवती फिरताना जोडीचे चिन्ह विषम वेळा उलटावे. तसे झाले तर फेरी पूर्ण केल्यावर कला जुळत नाही, आणि ती जुळवण्यासाठी कड्याला आपण होऊन अर्धी पायरी फ्लक्स निर्माण करावा लागतो. बाहेरून कोणतेही चुंबकीय क्षेत्र न लावता नेमकी अर्धी पायरी मोजली गेली. पहिल्या दिवशी शिकवलेली फ्लक्सची पायरी येथे उपयोगी पडते, म्हणूनच तो प्रयोग सुरुवातीला घेतला होता. दुसऱ्या प्रश्नासमोर आता ‘डी-तरंग’ असे लिहावे.

तिसऱ्या प्रश्नासमोर काय लिहायचे, हे शब्द जपून ठरवावे लागते. मी ‘अधिविनिमय, बहुतांशी’ असे लिहितो. त्याला एक अलीकडचा आधार आहे. २०२२ साली बिस्मथयुक्त ऑक्साइडवर झालेल्या प्रयोगात, तांब्याच्या अणूपासून त्याच्या वरच्या ऑक्सिजनचे अंतर स्फटिकात जागोजागी थोडे बदलते याचा उपयोग करून, अतिसंवाहक टोक असलेल्या सूक्ष्मदर्शकाने प्रत्येक ठिकाणची जोड्यांची घनता मोजण्यात आली. ते अंतर बदलले की इलेक्ट्रॉनाच्या उडीची किंमत बदलते आणि म्हणून अधिविनिमयही बदलतो. जोड्यांची घनता त्याबरोबर ज्या प्रमाणात बदलली, ते प्रमाण अधिविनिमयावर आधारलेल्या भाकिताशी जुळले. ‘बहुतांशी’ हा शब्द ठेवण्याचेही कारण आहे : इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा-संवेग आलेखात जालकाच्या कंपनांच्या ऊर्जेजवळ स्पष्ट वळण दिसते, तेव्हा जालक या व्यवहारात पूर्णपणे अलिप्त आहे असे म्हणता येत नाही. शिवाय कमी डोपिंगच्या पदार्थांत संक्रमण तापमानाच्या कितीतरी वर एक अर्धवट ऊर्जा-अंतर दिसते, ज्याला आभासी अंतर म्हणतात. त्याचा जोड्यांशी नेमका संबंध काय, यावर वाद सुरू आहे.

प्रात्यक्षिक दुसऱ्या तासाच्या उत्तरार्धात घ्यावे, सुरुवातीला नव्हे. तरंगणारा चुंबक आधी पाहिला की पुढचे काही ऐकण्याच्या मनःस्थितीत वर्ग राहत नाही. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण द्रव नायट्रोजनचा वायू झाला की त्याचे आकारमान सुमारे ७०० पट होते आणि बंद खोलीतील ऑक्सिजनचे प्रमाण घटते. भांड्याचे झाकण कधीही घट्ट लावू नये, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि द्रव शोषून धरतील असे सुती हातमोजे घालू नयेत. चकती थर्मोकोलच्या पेल्यात ठेवून द्रव ओतावा, उकळणे थांबले की चुंबक चिमट्याने वर सोडावा. तो तरंगला की द्रव आटू द्यावा, आणि चकतीला तापयुग्म जोडलेले असेल तर एका विद्यार्थ्याला दर १० सेकंदांनी तापमान वाचायला सांगावे. ९० केल्व्हिनच्या पुढे केव्हातरी चुंबक खाली बसतो. त्या क्षणी वर्गाला विचारावे की फळ्यावरील तीन प्रश्नांपैकी कोणत्याचे उत्तर या दृश्याने मिळाले. बहुतेक जण तिन्ही सांगतात. खरे तर एकाचेही मिळत नाही : तरंगणे हे अतिसंवाहकतेचा पुरावा आहे, ते जोडीचा भार सांगत नाही, आकार सांगत नाही, कारणही सांगत नाही. त्यासाठी कडे लागले, तीन स्फटिकांचा सांधा लागला, समस्थानिक लागले.

ज्यांना पुढे जायचे आहे अशा विद्यार्थ्यांना एक घरचा अभ्यास देता येतो. २००८ साली जपानमध्ये होसोनो यांच्या गटाला लोहयुक्त संयुगात २६ केल्व्हिनला अतिसंवाहकता सापडली. या कुळातील अनेक मूळ पदार्थांत स्पिनांची मांडणी मांजरपाटासारखी नसते : एका दिशेने सगळे बाण सारखे, आणि तिच्या काटकोनातील दिशेने आळीपाळीने उलटे. ही मांडणी मागावर विणता येत नाही, कारण त्यात एक उभा धागा कायम वर आणि शेजारचा कायम खाली राहील, वीण पडणारच नाही आणि कापड सुटून येईल. म्हणून कापडाचा दाखला इथे संपतो आणि विद्यार्थ्याने फक्त चौकटींच्या कागदावर काम करायचे असते. चलबिचल कोणत्या संवेगफरकाला तीव्र असेल ते त्याने त्या पट्ट्यांच्या मांडणीवरून काढावे, तो फरक इलेक्ट्रॉनांच्या संवेगांच्या नकाशात मध्यातील होलांच्या कप्प्याला कडेच्या इलेक्ट्रॉनांच्या कप्प्याशी जोडतो हे पाहावे, ऊर्जा-अंतराच्या समीकरणातील चिन्हे पुन्हा भरावीत, आणि या वेळी चार पाकळ्या का निघत नाहीत, उलट प्रत्येक कप्प्यात आतून एकच चिन्ह आणि दोन कप्प्यांत मात्र विरुद्ध चिन्हे का येतात, ते एका पानात लिहून आणावे.